शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी घरी आणावी का?

माळरान:
सासवडजवळ आमची कुंपण घातलेली थोडी जमीन, एक रिकामा गोठा आणि दोन गायी आहेत. चौदा वर्षांची मुलगी रायडिंग क्लबमध्ये घोडेस्वारी शिकते. तिथल्याच ओळखीतून पुणे रेसकोर्सवरील पाच वर्षांची एक थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीची) घोडी जवळजवळ फुकट मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. पुढच्या पायाची शीर दुखावल्यामुळे तिला शर्यतींतून काढले, असे सांगण्यात आले. मुलीने तिच्यावर शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या मारण्याचा क्रीडाप्रकार) शिकावे, अशी आमची इच्छा आहे. घोडी घ्यावी का, घेण्यापूर्वी काय तपासावे आणि सुरुवातीला तिला कसे ठेवावे, याविषयी ज्यांनी असे घोडे सांभाळले आहेत त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

पागेकर:
मी नवशिक्या स्वारांना शिकवतो आणि आमच्या पागेतील बरेचसे घोडे एके काळी शर्यतीत धावलेले आहेत, त्यामुळे या घोड्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. तरीही चौदा वर्षांच्या मुलीचा पहिला आणि एकमेव घोडा म्हणून ही घोडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेसकोर्सवरचा घोडा नालबंदाला, वाहनात चढण्याला, गर्दीला आणि रोजच्या खराऱ्याला सरावलेला असतो, आणि हा गुण मोठा आहे. मात्र आपण ज्याला साधी स्वारी म्हणतो, ती त्याने फारशी पाहिलेली नसते. जॉकी आखूड रिकिबीत पुढे झुकून बसतो, त्यामुळे स्वाराचे पाय बरगड्यांना लागले की असा घोडा गोंधळतो किंवा पुढे झेपावतो. लगाम ताणला की थांबायचे, हे आपण गृहीत धरतो. त्याला मात्र ताणलेल्या लगामावर भार टाकून वेग वाढवण्याची सवय असते, आणि घाबरलेला नवशिका स्वार नेमका लगामच ओढतो. जॉकीला अनेकदा चालत्या घोड्यावरच उचलून बसवतात, म्हणून स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणेही त्याला नव्याने शिकवावे लागते. यातले काहीही अशक्य नाही, परंतु ते शिकवणारा माणूस अनुभवी हवा. घोडी घ्यायचीच असेल तर पहिले सहा-आठ महिने ती क्लबच्या पागेत ठेवा, शिक्षकांनी तिला घडवावे आणि मुलीने तोवर खरारा करणे, हातात धरून फिरवणे, लांब दोरीवर चालवणे एवढेच करावे.

पशुवैद्य_भोर:
माझी शंका स्वभावापेक्षा पायाविषयी अधिक आहे. “शीर दुखावली” या दोन शब्दांत किरकोळ सुजेपासून कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) अर्धीअधिक फाटण्यापर्यंत सर्व काही बसते. नळीच्या मागच्या बाजूची कंडरा शर्यतीच्या घोड्यांत वारंवार दुखावते. ती भरून येण्यास नऊ ते बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि भरलेला भाग मूळच्याइतका लवचिक राहत नाही. उडी मारून उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून अशा घोडीला शो जंपिंगसाठी घेणे हा मला चुकीचा मेळ वाटतो. सपाट जमिनीवरची हलकी स्वारी तिला झेपू शकेल. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून दोन्ही पुढच्या पायांची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि त्यास नकार मिळाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

आता खाद्याविषयी, कारण तुमच्याकडे गायी आहेत. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गायीला ते चालते, घोड्याला मात्र अल्प मात्रेतही प्राणघातक ठरू शकते. दोघांची पोती, घमेली आणि कोठारे पूर्णपणे वेगळी ठेवा. बुरशी लागलेला मकाही घोड्याच्या मेंदूवर घात करतो. बहुसंख्य रेसच्या घोड्यांना जठरात व्रण असतात, कारण त्यांना दाणा भरपूर आणि चारा कमी मिळतो. तो क्रम हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत उलटा करायचा आहे. साडेचारशे किलोच्या घोडीला दिवसाकाठी सुमारे नऊ किलो कोरडा चारा लागतो. त्यात थोडा लसूणघास असल्यास त्यातील कॅल्शियममुळे जठरातील आम्लही सौम्य होते. केवळ गव्हाच्या कोंड्यावर घोडे पोसण्याची आपल्याकडील पद्धत सोडावी, कारण त्यात फॉस्फरस अधिक आणि कॅल्शियम कमी असल्याने हाडे कमकुवत होतात. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवींचा रोग पसरतो. ताप येऊन घोडी वाळू लागली तर रक्ततपासणी लांबवू नये.

मेलबर्नकर:
इकडे ऑस्ट्रेलियात 1992 ची मेलबर्न कप ही मोठी शर्यत जिंकलेला सबझिरो नावाचा घोडा निवृत्तीनंतर शर्यतीच्या मैदानावर क्लार्क ऑफ द कोर्सच्या (शर्यतीचे घोडे आवरणाऱ्या घोडेस्वार अधिकाऱ्याच्या) स्वारीत होता आणि शाळा-रुग्णालयांतही त्याला नेत असत. असे स्वभावाने शांत घोडे असतात, पण ती बातमी होते हेच बोलके आहे. 2019 मध्ये क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यातील निवृत्त घोड्यांची चित्रफीत दूरचित्रवाणीवर आल्यावर इथे मोठा गदारोळ झाला होता. त्यामुळे कोणी चांगले घर देऊ पाहत असेल तर त्याला परावृत्त करणे मला जड जाते. माझी सूचना एवढीच की, मालक किंवा ट्रेनरपेक्षा घोडीच्या सईसाशी (तिची रोजची निगा राखणाऱ्या मोतद्दाराशी) बोला. ती चावते का, लाकूड कुरतडते का, एकटी राहते का, हे त्याला ठाऊक असते.

माळरान:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शो जंपिंगचा विचार आम्ही सोडला असून सोनोग्राफीसाठी विचारणा केली आहे. एक प्रश्न उरतो: गायींची सोबत तिला पुरेल का? आणि कागदपत्रे कोणती मागावीत?

पागेकर:
गायीची सोबत अगदीच नसण्यापेक्षा बरी, परंतु घोड्याला घोडाच लागतो. याचसाठी मी आधी एखादे भीमथडी तट्टू घेण्याचे सुचवेन. पुणे, सातारा, सोलापूर भागांतील धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडणारी ही जात काटक आहे आणि उंचीने मुलीला सोयीची आहे. मुलगी तट्टावर शिकेल आणि घोडीलाही सोबत होईल. मात्र खर्चही दोन जनावरांचा होईल, हे धरून चाला, कारण घोडी पंचवीस वर्षांपर्यंत जगू शकते आणि नालबंद तर दर पाच-सहा आठवड्यांनी लागतोच.

पशुवैद्य_भोर:
नोंदणीचे पारपत्र घ्या आणि त्यातील मायक्रोचिपचा क्रमांक प्रत्यक्ष वाचून ताडून पाहा. भारतातील थरोब्रेडची वंशनोंद पुण्यातील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. विक्रीपत्रात घोडी पुन्हा शर्यतीत धावणार नाही, असे नमूद करून घ्यावे. धनुर्वाताच्या लसीची तारीख विचारा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी नकारात्मक आल्याशिवाय तिला शेतावर आणू नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावराला कायद्यानुसार मारावे लागते. तट्टू घेणार असाल तर त्याचीही हीच तपासणी आधी करून घ्या.