मदत हवी आहे : धरणावर नेता येईल असं पक्ष्यांचं मराठी पुस्तक

नमस्कार मंडळी, भुसावळची भाची आठवीत आहे. हतनूर धरणावर गेल्यापासून तिला पक्ष्यांचा नादच लागलाय. चक्रवाक नारिंगी रंगामुळे लगेच कळतो, पण बाकीची बदकं दुर्बिणीतूनही सारखीच दिसतात. सलीम अलींचं पुस्तक घरात आहे, पण इंग्रजी तिला जड जातं. मराठी नावं असलेलं, पिशवीत मावणारं पुस्तक कोणतं घ्यावं? फोटोंपेक्षा रंगीत चित्रं असतील तर उत्तम. उन्हात फोटोतला रंग फसवतो, चित्रात नर-मादी शेजारी पाहता येतात.

आणि रानपिंगळा या छोट्या घुबडावर मराठीत काही आहे का? शंभराहून जास्त वर्षांनी तो १९९७ मध्ये आपल्या शहाद्याकडेच पुन्हा सापडला, हे तिला कळायलाच हवं. जळगावात मिळत असेल तर दुकानही सांगा.