महिला उत्पादक कंपनी: तूरडाळ ४० टनांवरून २०० टनांवर न्यावी का?

खळ्यावरून लिहितात:

मराठवाड्यातल्या एका महिला शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सल्ला हवा आहे. सभासद ३४०, बहुतेक बचतगटांतून आलेल्या. प्रत्येकीची सरासरी दोन एकर तूर, तीही सोयाबीनमधलं आंतरपीक. स्वतःची छोटी डाळमिल आहे. वर्षाला साधारण ४० टन डाळ विकली जाते: निम्मी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट, निम्मी जिल्ह्यातल्या किराणा दुकानांत. केंद्राच्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेतून व्यवस्थापनासाठी मिळणारं तीन वर्षांचं अनुदान या मार्चला संपतं. त्याच वेळी एका मोठ्या दुकानसाखळीने वर्षाला २०० टनांची मागणी दिली आहे. एक किलोची पाकिटं, ६० दिवसांची उधारी.

संचालक मंडळात दोन तट आहेत. एकीचं म्हणणं, एवढी ऑर्डर सोडली तर पगार कुठून द्यायचे? दुसरीचं म्हणणं, ६० दिवसांत आपण मरू. पैसा कुठून उभा करावा, आणि २०० टनांना "हो" म्हणण्याआधी काय तपासावं?

---

हिशेबाची_वही यांचं उत्तर:

ताई, पैशाचं नंतर बघू. आधी तूर आहे का ते बघा.

२०० टन डाळीला ७० टक्के उतारा धरला तर २८६ टन, म्हणजे २,८६० क्विंटल तूर लागते. आंतरपिकात कोरडवाहू तूर एकरी तीन क्विंटल धरा. दोन एकरांना सहा, ३४० सभासदांचे झाले २,०४० क्विंटल. म्हणजे शेवटचा दाणासुद्धा कंपनीकडे आला तरी पुरत नाही. आणि शेवटचा दाणा कधीच येत नाही. घरची डाळ, बियाणं, पेरणीला उचल दिलेल्या व्यापाऱ्याचा हक्क हे सगळं जाऊन निम्मी आली तरी भरपूर. म्हणजे १,००० क्विंटल तूर, ७० टन डाळ.

उरलेल्या १३० टनांसाठी बाजार समितीतून तूर घ्यावी लागेल. इथे दोन गोष्टी होतात. कायद्याने उत्पादक कंपनीने मुख्यतः सक्रिय सभासदांच्या मालाचाच व्यवहार करायचा असतो, आणि तुमच्याकडे प्रमाण उलटं होईल. दुसरी गोष्ट हळूहळू होते. दोन-दोन क्विंटल घेऊन येणाऱ्या बाईचं वजन, ओल, पावती करण्यापेक्षा अडत्याकडून दहा टनांचा ट्रक उतरवणं स्वस्त पडतं. दोन हंगामांत खरेदी करणारा माणूस गावात जायचाच बंद होतो. कंपनी मोठी झालेली दिसते, पण जिच्यासाठी काढली ती बाहेर राहते.

पगाराची चिंता मात्र खरी आहे. योजनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५,००० आणि लेखापालाला १०,००० धरलेले असतात. वर्षाचे ४.२ लाख. ४० टनांवर ते किलोला साडेदहा रुपये बसतात, जे कोणीच देणार नाही. ७० टनांवर सहा रुपये, १०० टनांवर ४.२०. म्हणजे वाढायला हवंच, पण तुमचा आकडा आज ७० आहे. सभासद ५०० वर गेले की १००. २०० हा साखळीचा आकडा आहे, तुमचा नव्हे.

---

गिरणीतली_धूळ यांचं उत्तर:

वरच्या ७० टक्के उताऱ्यावर थोडं लिहितो, कारण नफा आणि तोटा तिथेच ठरतो.

उदाहरण म्हणून तूर ८,००० रुपये क्विंटल घ्या (२०२५-२६ चा हमीभाव तोच होता). शंभर किलोतून डाळ ७०, कणी ४, चुनी-टरफल २२, बाकी ४ किलो कचरा आणि घट. कणी ५० रुपयांनी आणि चुनी २० रुपयांनी गेली तर ६४० रुपये परत येतात. दळण, हमाली, बारदान मिळून ५५० धरा. ८,००० अधिक ५५० वजा ६४०, म्हणजे ७,९१०. भागिले ७०, किलोला ११३ रुपये. उतारा ६७ वर आला की तोच खर्च ११७ होतो. पाकीट, वाहतूक, व्याज अजून बाकी आहे. तीन टक्क्यांत किलोमागे चार रुपये गेले, आणि साखळीला माल देताना हातात उरतात तेही साधारण एवढेच.

उतारा पडतो तो बहुतेक वेळा जाती मिसळल्यामुळे. बीडीएन ७११ पांढरी, बीएसएमआर ७३६ लाल. पक्व होण्याचा काळ वेगळा, दाणाही वेगळा. दोन्ही एकाच ढिगात आल्या की एमरी रोलरची (साल काढणाऱ्या खरखरीत रुळाची) फट कोणासाठी लावायची? मोठ्या दाण्याला लावली तर बारीक दाणा सालासकट निघतो, बारीक दाण्याला लावली तर मोठ्याची कणी होते. खरेदीच्या दिवशीच जातीप्रमाणे कट्टे वेगळे लावा, कट्ट्यावर गावाचं नाव आणि तारीख टाका. चाळणीने आकारमान पाडल्याशिवाय माल रोलरवर घेऊ नका.

आता क्षमता. ताशी १००-१५० किलोची छोटी मिल आठ तासांत टनभर तूर काढते, त्यामुळे कागदावर वर्षाला २८६ टन जमतात. पण अडतं ते वाळवणात. तेल लावून मुरवलेली तूर उन्हात तीन-चार दिवस लागते, शेवटी पाणी मारून रात्रभर ढीग ठेवावा लागतो. जून ते सप्टेंबर ऊन नाही. म्हणजे कामाचे महिने जेमतेम आठ धरा, तेही ओढूनताणून, आणि रोज सव्वा टनाहून जास्त काढावी लागेल. चार दिवसांचा माल एकाच वेळी ओट्यावर, म्हणजे पाच टनांच्या वर. पाच सेंटिमीटर थराला चौरस मीटरला सुमारे ४० किलो बसतात. निव्वळ १३० चौरस मीटर, फिरायला-उलटायला जागा धरून २,००० चौरस फूट पक्का ओटा. तो नसेल तर ड्रायर, आणि ड्रायरचं इंधन तुमच्या हिशेबात नाही. ७० टनांना साध्या सिमेंटच्या ओट्यावर भागतं.

साठवणीबद्दल एकच सांगतो. तूर आत घेताना ओल १० टक्क्यांच्या आत हवी, मॉइश्चर मीटरने मोजलेली, दाताने फोडून पाहिलेली नाही. भुंगेरा शेतातूनच अंडी घेऊन येतो. पुढे किडका दाणा चाळून काढला, डाळ दिसायला स्वच्छ झाली, तरी प्रयोगशाळेत युरिक ॲसिड सापडतं. अन्नसुरक्षा मानकात त्याची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. साखळीचा अख्खा ट्रक परत येण्याचं हे नेहमीचं कारण. हवाबंद पिशव्या वापरा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामात स्वतः ठेवायच्या नसतात. परवानाधारक माणूसच बोलवायचा, त्यातून विषारी वायू निघतो.

---

ताळेबंद यांचं उत्तर:

पैशाचं.

२०० टन घेतले तर महिन्याला १६-१७ टन, १३५ रुपये भावाने २२ लाखांच्या वर. ६० दिवसांची उधारी म्हणजे कायमचे ४५ लाख साखळीकडे अडकलेले. आणि ६० दिवस मोजले जातात ते त्यांनी माल "स्वीकारल्या"च्या तारखेपासून, तुमच्या चलनाच्या तारखेपासून नाही. त्यातून फाटकी पाकिटं, ऑफरचा खर्च, उशिराचा दंड अशा डेबिट नोटा वजा. करारात या वजावटींची कमाल टक्केवारी लिहून घ्या. ती देत नसतील तर भाव कितीही चांगला असू दे.

बँकेकडे गेलात की ती विक्रीच्या २० टक्के या ठोकताळ्याने कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी उचल मर्यादा) देते. ७० टन डाळ, विक्री ९४-९५ लाख, मर्यादा १९ लाख. तुम्हाला मात्र जानेवारी ते मार्चमध्ये ८० लाखांची तूर उचलायची आहे, कारण पीक एकदाच येतं. हा ठोकताळा बारमाही धंद्यासाठी ठीक आहे. हंगामी धंद्यासाठी रोख अंदाजपत्रक पद्धतीने मर्यादा मागता येते, साखर कारखान्यांना तशीच मिळते. बारा महिन्यांचा तक्ता घेऊन जा: कोणत्या महिन्यात किती खरेदी, किती विक्री, किती तूट. शाखेत अडलं तर नाबार्डच्या नॅबकिसानसारख्या वित्तसंस्था उत्पादक कंपन्यांना कर्ज देतात. व्याज थोडं जास्त, पण धंदा समजावून सांगावा लागत नाही. एफपीओंच्या दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजना आहे, तारण मागितलं तर तिचं नाव काढा.

८० लाख असे जुळतात. कॅश क्रेडिट १९. साठ टन तूर डब्ल्यूडीआरए (गोदामांचं सरकारी नियामक प्राधिकरण) नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक पावतीवर ७० टक्के कर्ज, साधारण ३३. भागभांडवल प्रत्येकी २,००० पर्यंत वाढवलं तर ६.८ लाख, आणि योजनेतून सभासदामागे २,००० पर्यंत तेवढंच समभाग अनुदान, म्हणजे आणखी ६.८. हे मार्चच्या आधीच करून टाका. सभासदांच्या किमतीतले १० टक्के कायद्याने कंपनीला रोखून ठेवता येतात, ते ८. झाले ७३-७४. उरलेलं जानेवारीपासूनच्या थेट विक्रीतून येतं.

आणि उद्यम नोंदणी आजच, पुरवठा सुरू होण्याआधी. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराला ४५ दिवसांच्या पलीकडे थकवता येत नाहीत, करारात ६० लिहिलं तरी. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तोही चक्रवाढ. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. चालू गिऱ्हाइकावर कोणी दावा लावत नाही, हे मान्य. पण ६० चे ४५ करून घ्यायला एवढं बोलणं पुरतं. तसंच साखळीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे. तिने बिल तिथे मंजूर केलं की ते वटवून पैसे आधीच घेता येतात, आणि त्यांनी बुडवलं तर वसुली तुमच्यावर येत नाही.

जीएसटी विसरू नका. १८ जुलै २०२२ पासून आधी पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के आहे. सुट्या विक्रीची सवय असलेल्या कंपन्या भाव ठरवताना तो धरत नाहीत आणि मग स्वतःच्या खिशातून भरतात.

---

खळ्यावरून:

आभार. २०० चा आकडा इतका सरळ खोडला जाईल असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न. एका कारखान्याचा सीएसआर (सामाजिक जबाबदारी निधीचा) विभाग यंत्रांसाठी पैसे द्यायला तयार आहे, आणि एक सामाजिक गुंतवणूकदार भाग घ्यायला. यातलं काय घ्यावं?

---

ताळेबंद:

जशी कंपनी आहे तशी दोन्ही नाही.

सीएसआरचा पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च होतो ती कलम ८ ची ना-नफा कंपनी, विश्वस्त संस्था किंवा सोसायटी असावी लागते, आयकर सवलतीच्या आणि सीएसआर-१ नोंदणीसह. उत्पादक कंपनी त्यात बसत नाही. शेजारी नोंदणीकृत संस्था असेल तर प्रशिक्षण, माती परीक्षण, सभासदांची नोंदणी हा खर्च तिच्याकडून होऊ द्या. यंत्र तिच्या नावावर आणि वापर तुमचा, असं करायचं तर आधी लेखी करार. नाहीतर दोन वर्षांनी मिल कोणाची यावर भांडण.

गुंतवणूकदार बाहेरचा असेल तर उत्पादक कंपनीत भाग घेऊच शकत नाही, भाग फक्त उत्पादकांचे. मार्ग आहे तो उपकंपनीचा. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये ३१० कोटी उभे केले ते उपकंपनीत, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर तशीच ठेवून. पण त्यामागे दहा वर्षांची द्राक्ष निर्यात होती. एक कोटीच्या खालच्या उलाढालीला दुसरी कंपनी म्हणजे दुसरं ऑडिट, कंपनी निबंधकाकडे (आरओसी) दुसरी कागदपत्रं, दुसरी डोकेदुखी. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरचे झेडसीझेडपी (व्याज नाही, मुद्दलही परत नाही असे) रोखेही फक्त ना-नफा संस्थांना काढता येतात, तिकडे बघू नका. गुंतवणूकदाराला सांगा, भाग नको, तीन वर्षांचं खेळत्या भांडवलाचं कर्ज द्या. खरंच सामाजिक असेल तर देईल.

---

कडता_बंद यांचं उत्तर:

सगळे निम्मी तूर येईल असं गृहीत धरताहेत. तीही आपोआप येत नाही. व्यापारी दारात रोख देतो, म्हणून सभासद त्याला देते. दहा रुपये जास्त देऊन फरक पडत नाही, त्याच दिवशी खात्यात ९० टक्के पडले तर पडतो. उरलेले १० टक्के कधी देणार ती तारीख पावतीवर छापा, आणि ती पाळा. एकदा चुकली की पुढच्या हंगामात निम्म्याची पाव होते.

तोलकाटा तिच्यासमोर, ओल तिच्यासमोर. कडता (वजनातली कपात) अजिबात कापू नका. ओलीसाठी भाव कमी करायचा तर तक्ता भिंतीवर लावा. पॅट्रोनेज बोनस (नफ्यातला सभासदांचा वाटा) दिलेल्या मालाच्या किलोंवर द्या, भागांवर नव्हे.

साखळीला पूर्ण नकार देऊ नका. एका शहरातल्या मोजक्या दुकानांसाठी महिना सव्वादोन-अडीच टन मागून बघा, म्हणजे वर्षाला २७-३० टन, एकूण विक्रीच्या साधारण ४० टक्के. ४५ दिवसांच्या उधारीत पावणेपाच लाख अडकतात, ते बुडाले तरी कंपनी उभी राहते. सोसायट्यांची विक्री मात्र एक किलोनेही कमी करू नका, तिथे पैसे आधी येतात. पहिला ट्रक जायच्या आधी बारकोड, बॅच क्रमांक आणि अन्नसुरक्षा परवाना नीट तपासा: विक्री वाढली तरी साध्या नोंदणीवरच माल पाठवणाऱ्यांचे ट्रक गोदामाच्या फाटकावरून परत येतात.