ओसाकात पद्मपाणी, फर्दापुरात कुलूप?

सिल्लोडकर:
जपानात ओसाकाचा एक्स्पो, म्हणजे देशोदेशींचं जागतिक प्रदर्शन, झाला ना 2025 ला, 13 एप्रिल ते 13 ऑक्टोबर, त्यात भारताचं पॅव्हेलियन (मंडप) अजिंठ्याच्या थीमवर होतं, आपल्या 1 नंबर लेणीतला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, तिथं स्वागताला. भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जपानच्याच कर्जातून अजिंठ्याच्या पायथ्याला फर्दापूरजवळ व्हिजिटर सेंटर बांधलं, आत 1, 2, 16 अन् 17 नंबर लेण्यांच्या प्रतिकृती, म्हणजे पद्मपाणी तिथंही आहेच, अन् वीज-पाण्याची बिलं थकली म्हणून तेच बंद पडलं होतं. मग बाहेर जाऊन सहकार्य, शाश्वत विकास असले बोर्ड काहून लावायचे? नुसता शो.

गोदाकाठचा:
बिल थकवलं इथल्यांनी अन् राग ओसाकावर? त्याच कर्जाच्या प्रकल्पात चिकलठाण्याच्या विमानतळाची नवी टर्मिनल झाली, ते नाही दिसत. एक्स्पोत लोकं बघून शिकतात राव. दुबईच्या एक्स्पोत नेदरलँड्सवाल्यांनी सोलरवर हवेतून पाणी काढून दाखवलं, मंडप उभा केला तो पण भाड्यानं आणलेल्या लोखंडी शीटांचा, संपलं की ज्याचं त्याला परत.

लातूरची सून:
हवेतलं पाणी 😀 आमच्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, अन् तेवढ्यासाठी टीव्हीवाल्यांची ही गर्दी. पुढं मराठवाडा वॉटर ग्रिडच्या, म्हणजे धरणं पाइपांनी जोडायच्या योजनेच्या, आराखड्याचं काम इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी पाणी कंपनीला दिलं, त्याला कुठं मंडप लागला? गरज पडली की करार होतातच.

टी पॉइंटवाला:
तुम्ही भांडा. माझं दुकान लेणीच्या रस्त्यावर आहे, ते पॅव्हेलियन बघून जपानी पाव्हण्यांची एक बस जरी जास्त आली तरी मला चालतंय.

सिल्लोडकर:
बस येऊ द्या की, पण ती सगळी माणसं लेणीतच घुसणार ना. श्वासाच्या दमटपणानं चित्रं खराब होतात, म्हणूनच तर आत थोडी थोडी माणसं सोडतात. गर्दी आधी सेंटरात प्रतिकृती बघंल, निवांत फोटो काढंल, खऱ्या लेणीत कमी वेळ थांबंल, असा हिशोब होता त्याचा. शाश्वत म्हणत्यात ते हेच की, अन् त्यालाच कुलूप लागलं. माझं म्हणणं, तिकिटातला ठरलेला हिस्सा सेंटरच्या लाइटबिलाला ठेवा.

गोदाकाठचा:
हे पटलं, मंडपाचं नाही पटलं. पण तिकीट घेतं केंद्राचं पुरातत्त्व खातं, सेंटर राज्याच्या पर्यटनवाल्यांचं, पैसे इकडून तिकडं वळवणार कसे?