मदत हवी आहे: मॉनिटर न लावता पीसी कायम चालू ठेवायचाय (इंदूर)

नमस्कार मंडळी, आमच्या लोकमान्य नगरच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात आजोबांच्या कीर्तनाच्या सगळ्या कॅसेट एमपी३ करून ठेवल्यात आणि पुण्याची आत्या, ग्वाल्हेरचे काका तिथूनच ऐकतात, तो बंद पडला की लगेच फोन. आता मॉनिटर लेकीच्या अभ्यासाला दिलाय, सीपीयू नुसता राउटरशेजारी ठेवायचा, लॅन आणि पॉवर एवढ्या दोनच वायरी.

मॉनिटर असताना लॅपटॉपवरून रिमोट ॲपमध्ये सगळं नीट दिसतं, पण एचडीएमआय काढून रीस्टार्ट केलं की कधी काळा स्क्रीन, कधी रिझोल्यूशन इतकं कमी की सेटिंगची विंडो अर्धी बाहेर. शिवाय पावसाळ्यात लाईट जाऊन आली की पीसी आपोआप सुरू होत नाही, बटण दाबलं तर कधीकधी आतच कुठेतरी अडकतो, आणि स्क्रीनच नाही तर कळणार कसं काय म्हणतोय ते? विंडोज १० होम आहे. दिवसभर घरी आई एकटी असते, तिला काही करायला लागू नये एवढंच बघायचंय.

— ताई, एचडीएमआयचा डमी प्लग घ्या, जेल रोडला विचारा. त्यातली चिप ग्राफिक्स कार्डाला सांगते की इथे स्क्रीन जोडलाय, मग रिझोल्यूशन पूर्ण मिळतं. विंडोज प्रो असतं तर त्यातला रिमोट डेस्कटॉप स्वतःचाच स्क्रीन तयार करतो, प्लगची गरज नाही, पण होममध्ये बाहेरून तसं कनेक्ट होता येत नाही. लाईटसाठी बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंगचा मेनू) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' शोधा, ऑन करा (बोर्डाप्रमाणे नाव थोडं बदलतं). आणि घड्याळ मागे जातंय का बघा, जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, मग पीसी बायॉसच्या सेटिंगा विसरतो आणि एफ१ दाबा म्हणून थांबून राहतो.

— माझं मत, विंडोजऐवजी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, त्याचा ग्राफिकल डेस्कटॉप न घेता, एसएसएच (लॅपटॉपवरून कमांड टाइप करून पीसी चालवायची सोय) चालू ठेवा. मॉनिटरचा प्रश्नच मिटतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा पीसी चोवीस तास नेटवर राहणार, मला तरी ते बरं वाटत नाही. राउटरमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मात्र फिक्स करून घ्या.

— दोघांचेही खूप आभार. घड्याळ खरंच मागे जातंय! रविवारी तासभर मॉनिटर परत लावून सेल बदलते, सेटिंगही करते. डेबियन दिवाळीच्या सुट्टीत, आधी सगळ्या कीर्तनांची कॉपी पेनड्राइव्हवर. बायॉसमध्ये 'हॉल्ट ऑन' पण दिसलं होतं, ते काय ठेवू?

— कीबोर्डही लावणार नसाल तर 'नो एरर्स', म्हणजे सुरू होताना एररसाठी थांबून राहणार नाही.