शिक्षकांचा कामाचा ताण मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

एमएड_इंदूर:
नमस्कार. लघुप्रबंधासाठी इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या 10 शाळा घेतल्या आहेत, सरकारी आणि खासगी मिळून अंदाजे 400 शिक्षक. श्रीवास्तव-सिंह यांचा व्यावसायिक ताण निर्देशांक वापरावा की कोहेन यांची 10 प्रश्नांची पीएसएस (परसीव्हड स्ट्रेस स्केल, म्हणजे जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली)? एकूण संख्येवरून नमुना किती घ्यायचा ते सांगणाऱ्या यामाने सूत्राने नमुना 200 येतो. मुख्याध्यापकांमार्फत स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला तर चालेल ना?

मोजपट्टी:
दोन्हींचं काम वेगळं आहे. पीएसएस (मूळ रूप 1983 चं) विचारते की गेल्या महिन्याभरात गोष्टी आवाक्याबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं. त्यात घरचं आजारपण, कर्ज, सगळंच येतं; नुसत्या तिच्यावरून ‘कामाचा ताण’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. निर्देशांक (1981) कामातली कारणं दाखवतो: 46 विधानं, 12 उपघटक, त्यांत कामाचा बोजा, भूमिकेतली संदिग्धता, निर्णयात सहभाग नसणं वगैरे. पण तो खास शिक्षकांसाठी बनलेला नाही. वर्गातली शिस्त, पालकांचा दबाव, पेपर तपासणी, मतदार यादीची ड्यूटी हे त्यात सापडणार नाही. म्हणून निर्देशांक मुख्य ठेवा, जोडीला पीएसएस, आणि या स्थानिक गोष्टींवर सहा-आठ प्रश्न स्वतः तयार करा. त्यांचे गुण मात्र निर्देशांकाच्या बेरजेत मिसळू नका. हे प्रश्न आधी नमुन्याबाहेरच्या 25-30 शिक्षकांकडून भरून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ उलट्या विधानांत होतो, म्हणजे ज्यांना ‘हो’ म्हटलं की ताण कमी असा अर्थ होतो. निर्देशांकात 28 विधानं सरळ, 18 उलटी. पीएसएसमध्ये 4, 5, 7, 8 उलटी. एक्सेलमध्ये 0 ते 4 च्या श्रेणीला ‘4 वजा उत्तर’, 1 ते 5 च्या श्रेणीला ‘6 वजा उत्तर’ करा आणि मगच बेरीज करा. अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) 0.70 च्या खाली घसरला तर आधी हेच तपासा; विसरलेल्या विधानाचा एकूण गुणांशी सहसंबंध बहुधा ऋण निघतो. आणि पीएसएसच्या 40 पैकी गुणांवरून कुणाला ‘आजारी’ ठरवू नका, ती निदानाची चाचणी नाही.

आकडेमोड:
200 वर थांबू नका. यामाने सूत्र साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून एकेक निवडलेल्या) नमुन्याचं आहे, तुमचे शिक्षक मात्र शाळाशाळांच्या गटांत आहेत. एकच मुख्याध्यापक, एकच वेळापत्रक, त्यामुळे उत्तरंही एकमेकांसारखी येतात. गटांतर्गत सहसंबंध (एका शाळेतली उत्तरं किती सारखी याचं माप) 0.05 धरला आणि दर शाळेत 20 शिक्षक घेतले तर परिणाम-गुणक 1 + 19 × 0.05 = 1.95, म्हणजे 200 ला या गुणकाने भागून त्यांची किंमत साध्या नमुन्यातल्या 103 जणांएवढीच. त्याऐवजी 20 शाळा आणि प्रत्येकी 10 शिक्षक घ्या: गुणक 1.45, किंमत 138. सरकारी-खासगी तुलना करायची तर शाळा वाढवणं जास्त गरजेचं.

राजवाडा:
गुगल फॉर्म मुख्याध्यापकांमार्फत अजिबात नको, ताई. ‘साहेब बघतील’ या धास्तीने सगळे ‘ताण नाही’ लिहितात. कागदी प्रश्नावली द्या, नाव नको, पाकीट बंद करून पेटीत टाकू द्या, पेटी तुम्हीच उघडा. वय गटांत विचारा आणि विषय विचारूच नका. छोट्या शाळेत पन्नाशीच्या संस्कृतच्या बाई एकच असतात.

वेळही सांभाळा. पीएसएस मागच्या महिन्याचं विचारते, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीनंतर लगेच भरून घेतली तर सुटीच मोजली जाईल, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. सप्टेंबर बरा, सगळ्या शाळा दोन-तीन आठवड्यांत उरका. दीर्घ रजेवरच्यांची संख्या शाळेकडून वेगळी नोंदवा. ताणाने रजेवर गेलेले त्यांतच असू शकतात आणि ते नमुन्यात येतच नाहीत.

एमएड_इंदूर:
धन्यवाद. निर्देशांकात एखादं उत्तर रिकामं राहिलं तर?

मोजपट्टी:
उपघटकात एकच रिकामं असेल तर त्याच उपघटकातल्या बाकी उत्तरांची सरासरी भरा, पण उलटी विधानं सरळ केल्यानंतर. जास्त असतील तर तो उपघटक गाळा आणि किती गाळले ते प्रबंधात लिहा. सरळ-उलट्या सगळ्या विधानांवर एकाच रकान्यात खुणा असतील, तर ती प्रश्नावली न वाचता भरलेली आहे, बाजूला काढा.