६५ इंची टीव्ही घ्यायचाय : दिवसभर बातम्या, रात्री चित्रपट. ओएलईडी की मिनी एलईडी?

नमस्कार मंडळी,

आमच्या ४३ इंची टीव्हीच्या पडद्यावर खालच्या बाजूला काळपट पट्टा आलाय. बॅकलाइटच्या एका पट्टीतले एलईडी गेलेत, पट्टी बदलता येईल असं मेकॅनिक म्हणाला. पण नाहीतरी घरात सगळ्यांना मोठा टीव्ही हवाच होता, तेव्हा आता नवीनच घ्यायचं ठरलंय. बरंच वाचून झालं, शोरूममध्ये जाऊन बघूनही झालं आणि शेवटच्या दोन पर्यायांपाशी येऊन अडकलेय. ज्यांच्या घरी असा टीव्ही निदान दोन-तीन वर्षं रोजच्या वापरात आहे, त्यांचं मत मला फार मोलाचं वाटेल.

आधी घरचा वापर सांगते, कारण घोडं तिथेच अडलंय. बाबा निवृत्त आहेत. सकाळी चहाबरोबर बातम्यांचं चॅनेल लागतं ते दुपारी ते आडवे होईपर्यंत चालू असतं. कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी. संध्याकाळी आईच्या मालिका, त्याही केबलवर, साध्या एसडी चॅनेलवर. रात्री सगळे झोपले की टीव्ही माझा. मला चित्रपट दिवे मालवून बघायला आवडतात. मुलगा सुटीच्या दिवशी गेमिंग कन्सोल जोडतो, पण त्याच्यासाठी म्हणून वेगळा खर्च करायचा नाहीये.

खोलीत सोफा टीव्हीच्या भिंतीपासून ९ फुटांवर आहे. डाव्या हाताला मोठी खिडकी आहे आणि बाबांची आरामखुर्ची त्या खिडकीशी, बरीच कडेला. म्हणजे सर्वांत जास्त वेळ टीव्ही बघणारा माणूस सर्वांत तिरक्या जागेवरून बघतो, आणि तोही भर उजेडात. खुर्ची हलवायचा विषय काढू नका, ती त्यांची जागा आहे.

साइजचं माझं जवळजवळ पक्कं झालंय. पडदा डोळ्यांसमोर साधारण ३० अंशांचा कोन व्यापेल एवढा असावा असा एक ठोकताळा आहे, त्यासाठी पडद्याच्या कर्णाच्या (टीव्हीचे इंच म्हणजे हाच कर्ण) १.६ पट अंतरावर बसायचं. चित्रपटगृहासारखा ४० अंशांचा अनुभव हवा असेल तर १.२ पट. ९ फूट म्हणजे १०८ इंच, म्हणजे पहिल्या हिशोबाने ६७ आणि दुसऱ्याने थेट ९० इंच येतात. त्यामुळे ६५ काही फार मोठा नाही. कागदावरचं गणित घरच्यांना पटत नव्हतं म्हणून भिंतीवर चिकटपट्टीने ६५ इंची पडद्याएवढा, १४४ बाय ८१ सेंटीमीटरचा चौकोन आखला आणि तो तसाच ठेवला. पहिल्या दिवशी आई म्हणाली, 'एवढा?' नंतर तीच म्हणायला लागली की हा तर नेमका बसतोय. ५५ इंचीपेक्षा ६५ इंचीचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त असतं, नुसता '१० इंच जास्त' हा आकडा ऐकून ते कळत नाही. तुम्ही घेत असाल तर आधी चिकटपट्टी लावाच.

८केचा (४केच्या चौपट पिक्सेलच्या पडद्याचा) विषय मी सोडून दिलाय. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा दिसतो. ९ फुटांवरून तो ०.८ मिलिमीटरच्या आसपास होतो. ६५ इंची ४के पडद्याचा एक पिक्सेल ०.४ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. डोळ्याला दिसतच नाही अशा बारकाव्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

आता खरी अडचण.

शोरूममध्ये अर्धवट अंधाऱ्या कोपऱ्यात लावलेला ओएलईडी बघितला आणि मी तिथेच थांबले. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळं दाखवायचं तर तो चक्क बंद होतो. रात्रीच्या दृश्यात कंदिलाचा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूवर पडलेला आणि मागचा अंधार खरोखर अंधार, राखाडी नाही. शिवाय कडेला उभं राहिलं तरी रंग फारसे उतरत नाहीत, म्हणजे बाबांच्या खुर्चीचा प्रश्न सुटतो. माझं मन तिथेच अडकलंय हे कबूल करते.

पण बाबांचं बातम्यांचं चॅनेल! ओएलईडीचे पिक्सेल वापरानुसार झिजतात. एकाच जागी तासन् तास लोगो आणि पट्टी राहिली की तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि डाग कायमचा उमटतो. आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या संकेतस्थळाने २०१८ साली सहा ओएलईडी संच रोज २० तास चालवत ठेवले होते. त्यातल्या बातम्यांचं चॅनेल लावलेल्या संचांवर असे डाग आले. ते पॅनेल आता जुने झाले, नव्यांमध्ये पिक्सेल सरकवणं, लोगोपुरता उजेड कमी करणं, टीव्ही बंद असताना पॅनेलची आपोआप दुरुस्ती, अशा सोयी असतात. आमचा वापरही २० तास नाही. तरीसुद्धा रोज पाच-सहा तास तेच चॅनेल, तेही दिवसा उजेडात म्हणून ब्राइटनेस चढवून, हा वापर ओएलईडीसाठी वाईटच म्हणायला हवा.

दुसरा पर्याय मिनी एलईडी. हा मुळात एलसीडीच, फक्त पडद्याच्या मागे हजारो बारीक एलईडी आणि त्यांचे शेकडो झोन, गरजेप्रमाणे मंद-प्रखर होणारे. उजेडाच्या खोलीत हा ओएलईडीपेक्षा जोरकस दिसतो, डागांची भीती नाही. पण झोन कितीही असले तरी पिक्सेलच्या मानाने कमीच, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर प्रभा दिसते. मी बहुतेक चित्रपट सबटायटल लावूनच बघते. आणि यातले बरेच संच व्हीए या प्रकारच्या एलसीडी पॅनेलचे असतात: समोरून काळा रंग छान, कडेने बघितलं की फिका पडतो. मी शोरूममध्ये मुद्दाम आमच्या खुर्चीच्या कोनात जाऊन उभी राहिले, तर माणसांचे चेहरे धुतल्यासारखे दिसले. आयपीएस या दुसऱ्या प्रकारचं पॅनेल कडेने चांगलं, पण त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्यातला उजेडाचा फरक) साधारण १०००:१, व्हीएचा त्याच्या तिप्पट-चौपट किंवा अधिक. म्हणजे बाबांची सोय केली की माझी रात्र राखाडी.

(क्यूएलईडी नावाला भुलू नका असं इथे नवीन वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. तो एलसीडीच असतो, रंगांसाठी क्वांटम डॉटचा थर दिलेला. बॅकलाइट कडेला आहे की मागे, आणि झोन आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं. ओएलईडीशी त्याचा संबंध फक्त अक्षरांच्या सारखेपणाचा.)

तर प्रश्न असे. ज्यांच्या घरी ओएलईडीवर रोज बातम्या किंवा एकच चॅनेल चालतं, त्यांना दोन-तीन वर्षांत डाग दिसले का? एकरंगी करडा किंवा लाल पडदा लावून तपासलंत तर नक्की सांगा, नुसत्या नजरेला लवकर कळत नाही. मिनी एलईडीमध्ये कडेने बघण्यासाठी वेगळा थर दिलेले संच असतात, त्यांनी खरंच फरक पडतो का? आणि एसडी चॅनेल ६५ इंचांवर कसं दिसतं? हा प्रश्न आईचा आहे आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. एसडीच्या चित्रात ७२० बाय ५७६ पिक्सेल, ४के पडद्यावर त्याच्या वीसपट. म्हणजे दर २० पिक्सेलमधले १९ टीव्हीने स्वतः अंदाजाने भरायचे. इथे पॅनेलपेक्षा प्रोसेसरची कसोटी लागते आणि शोरूममध्ये ती बघायलाच मिळत नाही, तिथे सगळीकडे फुलं, पक्षी आणि धबधबे.

*

भर : उत्तरांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. काही जणांनी विचारलेल्या गोष्टी इथेच लिहिते.

खिडकीचं प्रतिबिंब किती पडतं, असं विचारलंय. सकाळी ११ वाजता जुना टीव्ही बंद करून त्याच जागांवर बसून बघितलं. सोफ्यावरून खिडकीचे गज मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. बाबांच्या खुर्चीवरून मात्र खिडकी दिसत नाही, समोरची पांढरी भिंत दिसते. म्हणजे त्यांना थेट चकाकी नाही, पण एकूण पडदा फिका दिसणार. क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट वापरणारा ओएलईडी) सुचवणाऱ्यांसाठी : त्याचे रंग सुंदर आहेत, पण मी बघितलेल्या संचावर शोरूमचा दिवा पडला की काळ्यावर जांभळट-राखाडी झाक येत होती. आमच्या खोलीत दिवसा तेच होईल. खिडकीला जाड पडदा लावा हा सल्ला योग्य आहे, पण दिवसभर खोली अंधारी ठेवून म्हाताऱ्या माणसांनी बसावं हे मला पटत नाही.

१२० हर्ट्झ (पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होणं) गेमिंगसाठीच लागतं का, यावर दोन मतं आलीत. माझ्या मते चित्रपटांसाठीही उपयोग आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा हलका झटका जाणवतो. १२० ला पूर्ण भाग जातो. मात्र खोक्यावरच्या 'मोशन' नावाच्या मोठमोठ्या आकड्यांवर जाऊ नका, पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती तेवढंच विचारा. कन्सोलसाठी एचडीएमआय २.१ चे पोर्ट किती हेही बघा. बऱ्याच संचांत चारपैकी दोनच असतात आणि साउंडबार लावायचा ईएआरसी पोर्ट नेमका त्यातलाच एक असतो.

आवाजाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचे विशेष आभार, हे माझ्याकडून राहून गेलं असतं. आईला हल्ली संवाद नीट ऐकू येत नाहीत, ती आवाज वाढवते आणि मग पार्श्वसंगीत अंगावर येतं. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे मोठा टीव्ही घेऊन हा त्रास जाणार नाही. मधला स्पीकर वेगळा असलेला साउंडबार बजेटमध्ये धरलाय, गरज पडली तर टीव्ही एक पायरी खालचा घेईन. बसवणारा माणूस संच भिंतीवर बराच उंच लावायचं म्हणत होता. मी नाही म्हटलं. बसल्यावर आमची नजर जमिनीपासून साधारण १०५ सेंटीमीटरवर येते, पडद्याचा मध्य तिथे आणायचा तर खालची कड ६५ वर येते. कपाट ५० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे साउंडबारला मधे १५ सेंटीमीटर मिळतात, पडदाही झाकला जात नाही आणि रिमोटचा सेन्सरही.

*

आणखी भर : काल बाबांना घेऊन गेले. विक्रेत्याला विनंती करून केबलच्या जोडणीवर त्यांचं नेहमीचं चॅनेल लावायला लावलं, शोरूमचा भडक पिक्चर मोड बदलून सिनेमा मोड केला आणि त्यांना खुर्ची देऊन कडेला बसवलं. ओएलईडी त्यांना आवडला. मग कडेने बघण्यासाठी वेगळा थर असलेला मिनी एलईडी दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'यातही पट्टी नीट वाचता येते.' त्यांना तेवढंच हवं होतं. मी त्यावर अंधारं दृश्य लावून बघितलं, सबटायटलभोवती प्रभा होती, पण लोकल डिमिंग (झोन मंद-प्रखर करण्याचं सेटिंग) 'मीडियम'वर आणल्यावर आणि सबटायटल करड्या रंगाचे केल्यावर बरीच कमी झाली.

तेव्हा आता माझा कल मिनी एलईडीकडे आहे. टीव्ही सगळ्यांचा आहे आणि सर्वांत जास्त तास बाबांचे आहेत. त्यांनी रिमोट हातात घेताना डाग पडेल म्हणून बिचकावं, हे मला नको आहे.

फक्त एक शंका उरली आहे, आणि घेण्याआधी तिचं उत्तर हवंय. असे वेगळ्या थराचे मिनी एलईडी वापरणाऱ्यांनी सांगा : पूर्ण अंधारात, अगदी समोर बसून बघताना त्या थरामुळे काळा रंग किती उतरतो? शोरूममध्ये पूर्ण अंधार करून बघता आलं नाही. फोटो टाकलेत तर कॅमेऱ्याचं एक्स्पोझर लॉक करून काढा, नाहीतर फोन आपणहून उजळवतो आणि तुलना करता येत नाही.