१२० चं टार्गेट सरसकट नाही
एक फॉरवर्ड फिरतोय की सगळ्यांचंच बीपी (वरचा आकडा) आता १२० च्या खालीच हवं, ते बहुतेक अमेरिकेतल्या २०१५ च्या स्प्रिंट ट्रायलवरून, म्हणजे बीपीच्या उपचारांच्या एका मोठ्या चाचणीवरून आलंय. ९३६१ लोक, सगळे पन्नाशी गाठलेले, निम्म्यांना वरच्या बीपीचं टार्गेट १२० च्या खाली, बाकीच्यांना १४० च्या, आणि पहिल्या गटात हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर वगैरे मिळून २५ टक्के कमी दिसले म्हणून ट्रायल लवकर थांबवली. पण डायबिटीसवाले आणि आधी स्ट्रोक झालेले त्यात घेतलेच नव्हते, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत! शिवाय तिथे पाच मिनिटं शांत बसवून मशीनवर तीन रीडिंगची सरासरी घ्यायचे, आपल्याकडे जिना चढून आलं की लगेच पट्टा बांधतात. त्या वाढीव आकड्यावरून १२० गाठायला गेलं तर गोळ्या उगाच वाढतील, आणि भोवळ येणं, किडनीचा त्रास ट्रायलमधल्या १२० वाल्या गटात जास्तच होता.